पर्यटक करावरच्या खर्ड्याला शेरे देताना

सोलापुरात पत्रकारिता किंवा अर्थशास्त्र शिकणारी मुलं एकमेकांना खर्डे वाचायला देतात आणि बहुतेक खर्डे एकाच शेऱ्यानिशी परत जातात: ‘छान आहे, थोडं वाढव.’ काय वाढवायचं, कुठे, हे लिहिणाऱ्याला कळतच नाही.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. दुसऱ्या वेळी फक्त आकड्यांवर खुणा करा. प्रत्येक आकड्याला विचारा: कोणाकडून, कशावर, किती काळासाठी? पर्यटक कराच्या लेखातल्या चुका बहुधा इथंच दडलेल्या असतात. ‘भूतान भारतीयांकडून १,२०० रुपये घेतं’ हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. ही रक्कम माणशी, एका रात्रीची. चार मोठी माणसं तीन रात्री राहिली की १४,४०० रुपये होतात.

आता हे वाक्य घ्या: ‘व्हेनिसने पर्यटकांवर ५ युरो कर लावला आणि गर्दी आटली.’ इथं समासात नुसतं ‘चूक’ लिहून भागत नाही. शेरा असा हवा: ‘हे शुल्क २०२४ मध्ये सुरू झालं ते फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांवर, तेही त्या वर्षी ठरावीक २९ दिवस. मुक्कामी पाहुण्यांना ते नाही, त्यांचा मुक्काम कर वेगळा. गर्दी आटली याला आधार काय? नसेल तर वाक्याचा उत्तरार्ध काढ.’ एवढं लिहिलं की लिहिणाऱ्याला तुम्हाला फोन करावा लागत नाही.

हॉटेलच्या बिलातला जीएसटी पर्यटक करात मोजलेला दिसला तर लगेच खूण करा. सोलापूरकराने सोलापुरातच खोली घेतली तरी तो लागतोच.

लेखाच्या शेवटी हमखास येणारी सूचना म्हणजे ‘अक्कलकोट, पंढरपूरलाही ॲमस्टरडॅमसारखा कर लावावा.’ ॲमस्टरडॅम २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के घेतं. अक्कलकोट सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. कितीतरी लोक स्वामींचं दर्शन आणि अन्नछत्रातला महाप्रसाद घेऊन संध्याकाळी घरी असतात. वारकरी उतरतो मठात, धर्मशाळेत, नाहीतर तंबूत. भाड्यावरचा कर यांतल्या कितीजणांना लागणार, एवढा एकच प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर लिहिणाऱ्यालाच शोधू द्या. त्यातून कधीकधी लेखाचा खरा विषय हाती लागतो.

मोठे शेरे पाचाच्या वर नेऊ नका, माणूस बिचकतो. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जो परिच्छेदच उडणार, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून काय उपयोग? गूगल डॉक्स वापरत असाल तर सजेस्टिंग मोड सुरू करा, कोणता शब्द तुम्ही बदलला ते लिहिणाऱ्याला दिसलं पाहिजे. आणि जमलेल्या जागेवरही कारणासह खूण करा. नाहीतर शब्दमर्यादेत बसवताना नेमकी तीच जागा कापली जाते.