चहाच्या बिया लावताय? या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

आधी एक क्लिअर करते, गवती चहाबद्दल नाही बोलत आहे मी, ते गवत आहे, एक ठोंब खोचला की कुठेही येतं. हा आसाम-मुन्नारवाला खरा चहा, कॅमेलिया सायनेन्सिस.

पहिल्या वेळी मी डझनभर बिया ऑनलाइन मागवल्या आणि एकही उगवली नाही. आपल्याला सवय काय, तर मेथी-धणे वाळवून डब्यात ठेवायचे आणि पुढच्या वर्षी पेरायचे, पण चहाच्या बीचं उलटं आहे, आतला ओलावा गेला की बी मेली. हलवून बघा, आत खुळखुळ वाजलं तर नाद सोडा. आसामकडे बी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकून पडतं, तेव्हाच ताजं घ्या आणि लगेच पेरता येत नसेल तर ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) गुंडाळून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा.

पेरण्याआधी २४ तास पाण्यात भिजवा. बुडाल्या त्या घ्या, तरंगतायत त्यांना अजून एक दिवस द्या आणि तरीही वरच असतील तर फेका. मग ओल्या फडक्यावर उन्हात पसरून मधूनमधून पाणी शिंपडत राहिलं की कवच तडकतं, तडकलेल्या आधी पेरायच्या, इंचभर खोल. कोंब यायला महिना-दोन महिने सहज लागतात, तोवर रोज उकरून बघू नका (मी बघायचे 😅).

आता सगळ्यात मोठा घोळ, माती. चहाला आंबट माती लागते, पीएच ४.५ ते ५.५ (हा आकडा जितका कमी तितकी माती जास्त आंबट), आणि आपण प्रेमाने कुंडीत काय टाकतो तर अंड्याची टरफलं आणि चुलीची राख! दोन्हीने पीएच वर जातो. देशावरची चुनखडीवाली काळी माती आणि बोअरचं जड पाणी पण तसंच. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या की समजा झाडाला लोह मिळत नाहीये, मातीत असूनही, कारण पीएच जास्त आहे. तेव्हा लोक घाबरून आणखी खत ओततात, ते नको, पावसाचं पाणी साठवून द्या आणि लाल माती, कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा असं मिक्स करून कुंडी बदला. कोकणातल्यांचं बरंय, जांभ्याची माती मुळातच आंबट, तिथे फक्त पाणी साचू द्यायचं नाही.

सोटमूळ खोल जातं म्हणून सीडलिंग ट्रे (छोट्या उथळ कप्प्यांचा) नको, सरळ उंच पिशवीतच लावा. एप्रिल-मेच्या दुपारी हिरवी नेट हवीच, नाहीतर कोवळी पानं करपतात.

खुडायची घाई करू नका, तीनेक वर्षं जातात. बीपासून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं, म्हणून तर मळेवाले जास्त करून फांदीच्या कलमांपासून रोपं करतात. आणि हो, गाळणीतला चोथा कुंडीत टाकायचाच असेल तर दूध-साखर धुऊन टाका, माझ्याकडे मुंग्यांची वारूळं झाली होती.