जुन्या मुंबईतल्या घरात नवं इंटिरियर करताना

गिरगाव, दादर, माटुंग्याला सत्तर-ऐंशी वर्षांचं घर असेल, तर डिझायनरला बोलावण्याआधी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरभर फिरा. भिंतीवर बोटांनी ठोका. पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलाय. चौकटींच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आमच्या मोरीलगतची चौकट वरून ठणठणीत दिसत होती, टोक दीड इंच आत गेलं. आत नुसता वाळवीचा भुसा.

मग कागदपत्रं. पगडीच्या घराला, म्हणजे मालकाला ठोक रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या घराला, मालकाची लेखी परवानगी हवीच. तिच्याशिवाय कायमचं बांधकाम केलं, तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक घराचा ताबा मागू शकतो. इमारत हेरिटेज यादीत आहे का, तेही महापालिकेत विचारा. मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारतींचा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे; तिथे बाहेरून दिसणारी खिडकी परस्पर बदलू नका.

हॉल मोठा करायला भिंत पाडू या, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणेलच. लोडबेअरिंग इमारतीत दीड फुटी भिंत वरच्या मजल्यांचं ओझं पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनियरने लिहून दिल्याशिवाय तिला हात लावू देऊ नका.

काम दसऱ्यानंतर काढा, भिंती सुकायला वेळ मिळतो. आधी वायरिंग: तांब्याची वायर, एसीला वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत स्वतः बघा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका. ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे निघतात. चुन्याला चुनाच लावा.

फरशी उखडण्याआधी मात्र थांबा. आम्ही लिनोलियम काढलं तर खाली लाल-पिवळ्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स! त्यांवर नव्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवणार होतो, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. धुऊन, पॉलिश करून त्या तशाच ठेवल्या. फुटक्यांच्या जागी पलंगाखालच्या चांगल्या टाइल्स बसवल्या आणि पलंगाखाली साधी कोबा फरशी केली.

सागवानी दारांवरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पृष्ठभाग ओला ठेवून, मास्क लावून खरवडा. लहान मुलांना तेवढे दिवस आजीकडे पाठवा.

नवं सगळं सुटं असू द्या. मॉड्युलर किचन पायांवर उभं करा, दिवे ट्रॅकवर लावा. अकरा फुटी उंची हीच या घराची श्रीमंती, ती फॉल्स सीलिंगने झाकू नका. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यांच्या पाठीमागे हात घालून ओल आलीय का बघा.