विंडोजच्या सेटिंग बदलताय? या चुका टाळा

“तो पर्याय आधी इथेच होता, आता दिसत नाही.” अशी तक्रार आली की तो पर्याय बहुधा दुसरीकडे हलवलेला असतो. कंट्रोल पॅनल १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर बोटाने चालवता येईल अशी सेटिंगची दुसरी जागा आली, २०१५ च्या विंडोज १० मध्ये तिचं सेटिंग्ज ॲप झालं, आणि तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचं घर बदलणं चालूच आहे. बरंच सामान नव्या घरात गेलंय, काही अजून जुन्यातच आहे. म्हणून जुना व्हिडिओ बघून ‘इथे क्लिक करा, मग तिथे’ असा रस्ता पाठ करू नका. स्टार्ट मेनू उघडून पर्यायाचं नाव टाइप करा. तो दोन्हीपैकी कुठेही असला तरी बहुतेकदा सापडतो.

दोन घरांचा हा घोळ सगळ्यात जास्त भोवतो तो हिशेब ठेवणाऱ्यांना. एक्सेलमध्ये १,२३,४५,६७८ हवं असतं आणि स्वल्पविराम पडतात १२,३४५,६७८ असे. मग एकेका रकान्याला वेगळा फॉरमॅट लावत बसायचं. पुढची फाइल उघडली की पुन्हा तेच! दोष एक्सेलचा नाहीच. स्वल्पविराम कुठे पडावेत हे एक्सेल विंडोजला विचारतं. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन ‘रीजनल फॉरमॅट’ इंग्लिश (इंडिया) करा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. फक्त आकड्यांची मांडणी बदलायची असेल तर मात्र कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजन’, तिथे ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आणि त्यात ‘डिजिट ग्रुपिंग’.

तारखांचा प्रकार याहून वाईट, कारण तिथे चूक दिसतच नाही. फॉरमॅट अमेरिकेचा असताना तुम्ही ०५/०६/२०२५ लिहिलंत, तर तुमच्या मनात ५ जून असतो आणि एक्सेल ६ मे धरतं. १३/०६/२०२५ लिहिलंत तर तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीखच मानली जात नाही. नुसता मजकूर म्हणून डाव्या बाजूला चिकटून राहते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजायचं, गडबड आहे. आणि हे नीट ध्यानात घ्या: आता सेटिंग बदलली तरी आधी चुकीच्या धरलेल्या तारखा सुधारत नाहीत. मे महिना मेच राहतो, फक्त दिसतो आपल्या पद्धतीने. नव्या मशीनवर ही सेटिंग पहिली नोंद करण्याआधी बघून घ्यावी.

पुढची चूक अगदी साधी दिसते. सेटिंग बदलली, परिणाम दिसला नाही, म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरीही फरक नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये तसं होत नाही. तेव्हा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) किंवा सेटिंग बदलल्यावर ‘रीस्टार्ट’च दाबा. फास्ट स्टार्टअप कायमचं काढायचं असेल तर कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटणांच्या पानावर ती खूण असते, पण फिकी. तिथेच वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केल्यावर ती बदलता येते. फिका पर्याय म्हणजे बिघाड असं धरू नका. बऱ्याचदा तो ॲडमिनची परवानगी मागत असतो.

‘कॉम्प्युटर दुप्पट वेगवान करा’ छापाच्या व्हिडिओंनी एक वेगळंच दुखणं पसरवलंय. एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं विंडोजचंच टूल) उघडा, ‘बूट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ घ्या, प्रोसेसरची संख्या सगळ्यात मोठी निवडा, मॅक्झिमम मेमरीवर टिक करा, असा तो सल्ला. त्या दोन्ही खुणा वेग वाढवण्यासाठी नाहीतच. विंडोजला कमी प्रोसेसर आणि कमी मेमरीवर चालवून चाचणी घेता यावी म्हणून त्या आहेत. टिक नसते तेव्हा विंडोज हाताशी असेल ते सगळं वापरतंच. टिक केलेली असेल तर काढून टाका आणि रीस्टार्ट करा. त्याच पानावरची ‘सेफ बूट’ची खूण ठेवलीत तर कॉम्प्युटर प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच, म्हणजे अगदी मोजक्या सोयींवर, सुरू होईल, तीही काम झाल्यावर काढायची.

रजिस्ट्रीबद्दल, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवतं त्या कोठाराबद्दल, थोडक्यात. तिथे ‘अनडू’ नाही आणि ‘सेव्ह’ही नाही, बदल केला की झाला. आधी त्या कीचं (रजिस्ट्रीतल्या फोल्डरचं) ‘एक्स्पोर्ट’ घ्या, म्हणजे फाइलमध्ये प्रत काढून ठेवा. पण ती फाइल परत चढवल्यावर सगळं जसंच्या तसं होतं असं समजू नका: जुन्या व्हॅल्यू (नोंदींतली माहिती) परत येतात, मध्यंतरी नव्याने घातलेल्या नोंदी मात्र तशाच राहतात. त्यामुळे सिस्टिम रिस्टोर (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी सोय) चालू आहे का हे बघून एक रिस्टोर पॉइंटही करून ठेवावा. अनेक मशीनवर ते बंदच असतं.

घरच्या कॉम्प्युटरवर ‘यातल्या काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली की लोक घाबरतात. हॅक झालंय असा त्याचा अर्थ लगेच काढू नका. ‘अकाउंट्स’मध्ये ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडून ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं जोडलेलं आहे का ते बघा. तसं काही नसेल तर विंडोज ‘हलकं’ करणारं एखादं फुकट टूल कधी चालवलं होतं का ते आठवा. ही टूल्स पॉलिसीच्या, म्हणजे संस्था लावतात तशा नियमांच्या, नोंदी लिहून ठेवतात आणि विंडोज त्या संस्थेच्याच समजतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र या ओळीशी झगडू नका, आयटीवाल्यांना सांगा.

आणि इंटरनेट बंद पडलं की पहिलाच उपाय म्हणून ‘नेटवर्क रीसेट’ नको. त्यात साठवलेली वायफाय नेटवर्क जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागतं. आधी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक) किंवा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) कुणी हाताने भरून ठेवलाय का ते पाहा आणि असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करा. रीसेट करायचाच असेल तर वायफायचे पासवर्ड आधी कागदावर उतरवून घ्या.