अपघातातून वाचलेलं मांजर घरी आणण्याआधी

दवाखान्यातून ‘उद्या घेऊन जा’ असा फोन आला की आधी जागा बघा. मागच्या पायाचं किंवा कमरेचं हाड मोडलेल्या मांजराला साधारण 4 ते 6 आठवडे उडी मारू द्यायची नसते, आणि मोकळ्या खोलीत मांजराची उडी कुणाला अडवता येत नाही. त्यासाठी लोखंडी पिंजरा हवा. मांजर उभं राहील, वळेल, एका टोकाला शी-शूची पाटी आणि दुसऱ्या टोकाला वाट्या मावतील एवढा पुरे, उंच नको. ते ओरडेल, जाळीवर नाक घासेल, तुमचा जीव तुटेल. तरी दार उघडू नका. कपाटावरच्या एका उडीत हाड जोडायला आत घातलेली पिन सरकते, मग पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन.

पिंजरा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. सोलापूरचा एप्रिल-मे 40 अंशांच्या पुढे जातो आणि पिंजऱ्यातल्या जिवाला सावलीत सरकताही येत नाही. खालची, गार फरशीची खोली निवडा. खिडकीला जाळी लावा, कारण उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. अंथरायला आपली जुनी, धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर उत्तम. टॉवेल मात्र नको, त्याच्या फाशांत नख अडकतं आणि मांजर घाबरून दुखरा पाय हिसडतं. चादरीचे 4-5 तुकडे करून ठेवा. नळाला रोज पाणी येत नसेल तर धुण्यापुरतं पाणी वेगळं भरून ठेवा. पिंजरा फिनाईलने पुसायचा नाही, ते मांजराला विषारी आहे. साधा साबण लावून भरपूर पाण्याने पुसून काढा.

पाटीत वाळू घालू नका, टाक्यांना चिकटते. फाडलेला वर्तमानपत्राचा कागद घाला आणि पाटीची एक बाजू कापून बुटकी करा, पाय उचलावा लागू नये. कमरेला किंवा शेपटीच्या मुळाशी मार असेल तर शू होते का, हे सगळ्यांत महत्त्वाचं. दिवसभरात कागद ओला झाला नाही तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांकडे. रात्री कोण दार उघडेल, हे आजच विचारून नंबर भिंतीवर लिहा.

खाण्यात दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, आणि जुलाब झाले की टाके घाण होतात. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन हाताने बारीक तोडून, कोमट करून द्या. वास आला की खातं. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यातला तुकडा देऊ नका, हे घरातल्या आजींना आधीच प्रेमाने सांगून ठेवा, कारण त्याच गुपचूप भरवणार. एक दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर डॉक्टरांना कळवा. मांजराचं यकृत उपासाने बिघडतं, जाड मांजराचं तर फार लवकर.

औषधांची एक वेगळी डबी करा आणि तिच्यावर वेळ लिहा. आपल्या घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला थोडीशी दिली तरी जीव घेते. कळवळून कुणी अर्धी गोळी दुधातून देईल, म्हणून ती पाकिटं उचलून वर ठेवा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर जेवतानाही काढायची झाली तर समोर बसून, आणि लगेच परत घाला. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात, एकदा चाटायला मिळालं की ते मांजर उकलून टाकतं.

आणायला रिक्षाने जाणार असाल तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर भरवसा नको, घट्ट झाकणाची प्लास्टिकची टोपली घ्या, वरून चादर टाका आणि मांडीवर धरा. रिक्षावाल्या काकांना खड्डे चुकवून हळू चालवायला सांगा. दुखणारं मांजर ओळखीच्या हातालाही चावतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्या. मांजराच्या लसीबद्दलही डॉक्टरांना निघतानाच विचारा, ती कधी द्यायची ते कागदावर लिहून घ्या.