कोरडवाहू रब्बीत कोळपणी आणि हरभरा-करडईचे आंतरपीक

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीचे पीक बहुतांशी परतीच्या पावसाने जमिनीत साठलेल्या ओलीवर येत असल्याने, तण जे पाणी पिते ते थेट कणसाच्या वाट्यातून जाते. म्हणून ज्वारी तीन आठवड्यांची झाली की फटीचे कोळपे (ओळींमधली माती हलवून तण काढणारे अवजार), पाचव्या आठवड्यात पासाचे, म्हणजे लोखंडी पात्याचे, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास, काळी जमीन भेगाळू लागल्यावर, दातेरी कोळपे चालवावे. ही शेवटची पाळी तण दिसत नाही म्हणून अनेकजण टाळतात. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची, कारण भेगा मातीने बुजल्या की ओल उडून जाणे थांबते आणि दाणा भरतो. ओळीतले तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते.

मध्यम ते भारी जमिनीत हरभऱ्याच्या सहा ओळींनंतर करडईच्या तीन ओळी घ्याव्यात. करडईचे सोटमूळ खोलवरची ओल वापरते, हरभरा मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर करतो आणि एका पिकाचा भाव पडला तरी दुसरे हाताशी राहते. करडईची विरळणी, म्हणजे दाट आलेली रोपे उपटणे, दहा-बारा दिवसांत करावी. उपटलेली कोवळी रोपे भाजीला उत्तम लागतात. ज्वारीत हरभरा किंवा करडई असेल तर २,४-डी हे तणनाशक अजिबात फवारू नये, कारण ते रुंद पानांच्या तणांबरोबर आंतरपिकालाही जाळते.