जुन्या गरम कुंडाचा इतिहास आणि तिथली भुतं: कोल्हापुरातून नोंद कशी करायची

कोल्हापूरकराला गरम पाण्याचं कुंड बघायचं तर घाट उतरावाच लागतो. पालघरमधल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, साधारण 350 किलोमीटरच्या पट्ट्यात, अशी अठराएक ठिकाणं आहेत. बहुतेक ठिकाणी देऊळ आहे आणि रात्री कुंडावर जाऊ नये असं सांगणारं कुणीतरी आहे. ही सांगणी लिहून ठेवण्यासारखी आहेत. पण बहुतेक जण कागदावरचा इतिहास, पाण्याचं शास्त्र आणि भुताची गोष्ट एकाच परिच्छेदात कालवतात, आणि मग त्यातलं काहीच कामाचं उरत नाही. म्हणून पहिलं काम: तीन वेगळ्या वह्या करा. कागदाची, पाण्याची आणि तोंडी गोष्टींची. एका वहीतली रिकामी जागा दुसऱ्या वहीतल्या मजकुरानं भरायची नाही.

ठिकाण ठरवताना

नावं फसवतात. राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे, रायगडात पालीजवळ उन्हेरे. एकाची आख्यायिका दुसऱ्याला चिकटवलेली अनेक ठिकाणी वाचायला मिळते. गाव, तालुका आणि जवळची नदी या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मगच पुढे जा.

कोल्हापुरातून सोयीचं म्हणजे राजापूरचं उन्हाळे. एक वाट गगनबावडा, वैभववाडी, तळेरे अशी. दुसरी मलकापूरवरून अणुस्कुरा घाटानं पाचल, ओणी अशी. तुरळ, राजवाडी, आरवली ही संगमेश्वर बाजूची ठिकाणं बघायची असतील तर आंबा घाट उतरून साखरप्यावरून देवरुखकडे वळा. पावसाळा टाळा. घाटात दरड हा एक प्रश्न; दुसरा असा की पावसाचं आणि नदीचं पाणी कुंडात मिसळतं आणि तुमचं तापमानाचं मोजमाप वाया जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. शिमगा आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी असतात, त्यामुळे माणसं भेटतात, पण कुणाला बसून बोलायला वेळ नसतो. ओळखी तेव्हा करून घ्या, मुलाखतीला नंतर जा.

कागदाची वही

सुरुवात जुन्या गॅझेटिअरपासून, म्हणजे इंग्रजी अमदानीत छापलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांपासून. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड 1880 चा, कोल्हापूरचा 1886 चा. करवीर नगर वाचन मंदिरात (स्थापना 1850) किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. राज्याच्या दर्शनिका विभागानं जुने खंड डिजिटल रूपातही आणले आहेत. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. गावांची नावं इंग्रजी वळणानं लिहिलेली असतात, म्हणून एकाच नावाची चार-पाच रूपं करून शोधायची. आणि तापमान फॅरनहाइटमध्ये असतं: 32 वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा. 110 अंश वाचून कुंडात माणूस शिजत असेल असं वाटतं. ते 43 सेल्सियस असतं.

पुढचा टप्पा दप्तराचा, आणि इथं घाटाची सीमा लक्षात ठेवावी लागते. विशाळगड आणि बावडा या कोल्हापूर संस्थानाच्या जहागिरी. घाटमाथ्यावरच्या वाटा, जकात, धर्मशाळा यांच्या नोंदी शोधायच्या तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचं दप्तर आहे. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. घाटाखालचा रत्नागिरी मात्र 1818 नंतर इंग्रजी जिल्हा. त्याचे सरकारी कागद कोल्हापुरात शोधत बसू नका, मुंबईचं पुराभिलेखागार गाठा. अर्ज करताना ‘गरम कुंडाचे कागद’ असं मागितलंत तर हाती काही लागणार नाही. त्या काळी कुणी असा विषय करून कागद बांधला नव्हता. देवस्थान, इनाम, जत्रा, रस्ता, धर्मशाळा या नावांनी मागा.

जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे गावाचं नाव ओळखल्याशिवाय वाक्य लागत नाही. आधी परिसरातल्या वीस-पंचवीस गावांची नावं स्वतः मोडीत लिहून बघा. मग कागदावर ती नावं डोळ्यांत भरतात.

खरी घसरगुंडी सनावर होते. शक असेल तर 78 मिळवा (1 जानेवारी ते फाल्गुनअखेर 79). फसली (महसुली सन) असेल तर 590, जानेवारीपासून 591. शुहूर सन (मराठी कागदांतला अरबी शब्दांचा सन) असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. शुहूर सन आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी आणि हजार शेवटी. ‘सलास सितैन अलफ’ म्हणजे तीन, साठ, हजार: 1063, म्हणजे इसवी 1662-63. इथं ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर, ‘सीत’ सहा आणि ‘सितैन’ साठ. फाटक्या कडेला शेवटचं अक्षर गेलं की ‘सबैन’चं ‘सबा’ वाचलं जातं आणि कागद 63 वर्षं मागे जातो. सन वाचल्यावर त्या साली तो अधिकारी, तो राजा हयात होता का, हे दर वेळी पडताळा.

राजापूरच्या बाबतीत पडताळायला भक्कम खुंट्या आहेत. तिथं इंग्रजांची वखार होती. 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा असताना वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती राजापुराहून तोफा घेऊन आले आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे टाकले. पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं आणि या मंडळींना कैद केलं. सुटका 1663 मध्ये झाली. तेव्हा ‘कुंडावर वखारीतल्या गोऱ्याचं भूत दिसतं, महाराजांच्या माणसांनी त्याला इथंच गाडलं’ असं कुणी सांगितलं, तर गोष्ट जशीच्या तशी तोंडी वहीत उतरवा आणि कागदाच्या वहीत ही तीन सालं लिहा. दोन्हींचा मेळ घालायची घाई नको.

देवीच्या कथेलाही हाच नियम. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेच्या नवसाशी जोडलेलं आहे, त्याला सनाची खुंटी आहे. तिथलं गरम पाणी म्हणजे देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त, ही कथा वेगळ्या जातीची. तिला सन शोधू नये.

पाण्याची वही

पाणी गंधकामुळे तापतं असं बहुतेक जण सांगतील, काही पाट्याही तेच म्हणतात. तसं नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल मुरतं, पृथ्वीच्या आतल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं पटकन वर येतं. ज्वालामुखीचाही संबंध नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली.

तापमान मोजायला घरातला तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर नेऊ नका. तो 42 अंशांपर्यंतच असतो, तुरळ-राजवाडीसारख्या जास्त कढत पाण्यात फुटतो आणि पारा कुंडात जातो. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो तो 0 ते 110 अंशांचा अल्कोहोलचा थर्मामीटर घ्या, सुतळीला बांधा, जिथून बुडबुडे येतात तिथं दोन मिनिटं बुडवून ठेवा आणि पाण्यात असतानाच वाचा. बाहेर काढून वाचलं की दोन-चार अंश गेलेच. मूळ झरा, कुंडाचा मध्य आणि न्हाणीघरातलं तोंड अशा तीन ठिकाणी मोजा. राजापूरचं पाणी साधारण 42 च्या आसपास, उन्हवऱ्याचं सत्तरीच्या घरात. म्हणून ‘या कुंडात भात शिजतो’ हे राजापुरात ऐकलंत तर ती दुसऱ्या गावाहून आलेली गोष्ट समजा. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंशांच्या पुढे धरायला लागतो, त्यामुळे उन्हवऱ्याला अर्धवट अंडं जमेल, राजापुरात नाही.

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. नाक काही मिनिटांत त्याला सरावतं, म्हणून पोचल्याबरोबर वासाची नोंद करा. वासाच्या पाण्यात चांदीचं पैंजण काळं पडतं. ‘बाहेरचं लागलं म्हणून पैंजण काळं झालं’ या गोष्टीचा उगम इथं असू शकतो. तसंच पहाटेच्या गारव्यात कुंडावर वाफ उभी राहते आणि वारा फिरला की सरकते. गरम पाण्यात बराच वेळ बसून झटकन उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पुन्हा पाण्यात कोसळतो; बघणारा म्हणतो, आत ओढला. हे सगळं पाण्याच्या वहीत. सांगणाऱ्याला मात्र यातलं काही ऐकवू नका, नाहीतर पुढची गोष्ट मिळायची नाही.

राजापूरच्या गंगेचं पान वेगळं ठेवा. उन्हाळे गावाजवळच टेकडीवर तिची चौदा कुंडं आहेत, पण ती गरम कुंडापासून निराळी: गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकट होते असं परंपरा सांगते, अलीकडे हा क्रम बिघडला आहे. जमिनीखाली निसर्गानंच वक्रनलिका घडवलेली असावी, पोकळी काठोकाठ भरली की पाणी एकदम सुटतं, असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातं. आल्या-गेल्याच्या तारखा जुन्या वर्तमानपत्रांत सापडतात. त्या गोळा केल्या तर खरं मोलाचं काम होईल.

तोंडी गोष्टींची वही

घाट उतरण्याआधी रंकाळ्यावर सराव करा. तिथला नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो रंकाळ्यात पोचला की प्रलय होणार, ही गोष्ट फिरायला आलेल्या चार-पाच वयस्क माणसांकडून वेगवेगळी ऐका. दाणे बदलतील, दिवसाचं वर्ष होईल, प्रलयाचा आणखी काही होईल. हे फरक न सुधारता लिहिता आले की तुम्ही तयार झालात.

‘इथं भूत आहे का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. उत्तर ‘छे, तसलं काही नाही’ असं येतं आणि विषय संपतो. विचारा: “आजोबा, तिन्हीसांजेनंतर कुंडावर कोण जात नाही?” “आवस-पुनवेला इथं काय ठेवतात?” “पहिलं पाणी कुणाच्या नावानं?” गुरवाला गाऱ्हाण्यात कुणाकुणाची नावं घेतात ते विचारा, त्या यादीत गावचा सगळा अदृश्य कारभार असतो.

मग प्रकार नीट ओळखा. गिऱ्हा हा पाण्यातला: बुडून मेलेल्याचा, रात्री हाक मारून वाट चुकवणारा, त्याचा केस हाती लागला तर तो राबतो म्हणतात. आसरा या पाण्याच्या देवता, सात, त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण. मुंजा पिंपळावर, समंध पुरलेल्या धनावर, हडळ बाळंतपणात गेलेली. देवचार आणि राखणदार मात्र भुतं नव्हेत, ते गावाचे रक्षक. त्यांना भूत म्हटलंत तर समोरचा माणूस दुखावतो, आणि ते बरोबरच आहे.

कोकणच्या समजुतींचं जुनं संकलन इंग्रज अधिकारी एन्थोवेन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलं, मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांची, नाशिकचे कलेक्टर असलेले हेच जॅक्सन 21 डिसेंबर 1909 रोजी तिथं मारले गेले. एखादा प्रकार शंभर वर्षांपूर्वी कोकणात सांगितला जात होता का, हे त्यात बघता येतं. पण उत्तरं शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली. कपडे धुणाऱ्या बायकांच्या गोष्टी त्यात कमीच असणार, म्हणून त्या आधी गाठा.

गोष्टीचा काळ तिच्यातल्या वस्तूंवरून लागतो. एसटी थांबवणारी बाई 1948 च्या आधीची नाही, कारण पहिली एसटीच त्या वर्षी 1 जूनला धावली. रेल्वेच्या बोगद्यातलं भूत कोकण रेल्वेनंतरचं. सांगणाऱ्याला साल विचारू नका. ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’ विचारा. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट या पट्ट्यातल्या वयस्कांना पक्की आठवते. ‘निगेटिव्ह एनर्जी’ असा शब्द आला, किंवा दोन माणसांनी शब्द न् शब्द सारखं सांगितलं, तर ती गोष्ट मोबाइलवरून आलेली आहे. तीही लिहा, फक्त तशी खूण करून.

रेकॉर्डिंग कुंडाच्या काठावर करू नका, पाण्याच्या आवाजात शब्द बुडतात. ओसरीवर बसा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, कापडाच्या घडीवर ठेवा. परवानगीचं वाक्य रेकॉर्डिंगमध्येच घ्या. फाइलच्या नावात तारीख, गाव, क्रमांक. बायकांच्या न्हाणीकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये.

एक गोष्ट मात्र छापायची नाही. अमकी बाई करणी करते, अमक्याच्या घरात भानामती आहे, असं नावानिशी सांगितलेलं कितीही रंगतदार असलं तरी वहीबाहेर जाता कामा नये. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार असा आरोप हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी त्या घराचं जिणं अवघड होतं. नाव, वाडी, नातं, तिन्ही काढून टाका.

काम झालं की लिहिलेल्या मजकुराची एक प्रत ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे वाचायला पाठवा, दुसरी गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. वाचून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे असं नव्हतं.’ त्यांच्या पुढ्यात बसा आणि नवीन तारीख टाकून दुसरं पान उघडा.