वाईन घेताना लेबलावरचं चित्र सोडा, बारीक अक्षरं वाचा

वाईनच्या रांगेसमोर उभं राहिलं की नजर आधी लेबलावरच्या चित्राकडे आणि मग किमतीकडे जाते. बाटलीत काय आहे, हे त्या दोन्हींवरून फारसं कळत नाही. कामाची माहिती बारीक अक्षरात, बऱ्याचदा मागच्या बाजूला असते. म्हणून बाटली फिरवा आणि आधी अल्कोहोलचा टक्का शोधा.

या एका आकड्यावरून वाईनचा पिंड ओळखता येतो. द्राक्ष जितकं पिकलेलं तितकी त्यात साखर जास्त, आणि साखर आंबूनच अल्कोहोल होतं. १४ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वाईन भरदार असणार, घशाला ऊब देणारी. १२ ते १३ टक्के म्हणजे मध्यम बांधा, जेवणाबरोबर सहसा अडचण न करणारा. ८ ते १० टक्क्यांची व्हाइट वाईन, विशेषतः जर्मन रीस्लिंग (ही द्राक्षाची जात), बहुधा गोडसर निघते, कारण सगळी साखर आंबण्याआधीच प्रक्रिया थांबवलेली असते. त्याच रीस्लिंगवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असेल तर ती ड्राय, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली. नवख्या माणसाने १५ टक्क्यांच्या रेडपासून सुरुवात करू नये. पहिल्याच घोटाला जळजळ झाली की रेड वाईन कायमची नावडती होते.

मग साल पाहा. हे साल द्राक्षं तोडल्याचं असतं, बाटली भरल्याचं नव्हे. ‘जितकी जुनी तितकी भारी’ या समजुतीने सर्वात जास्त पैसे वाया जातात. दुकानातल्या बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात, आणि पाच वर्षं फळीवर पडून राहिलेली स्वस्त व्हाइट म्हणजे बहुधा उडालेला सुगंध आणि उरलेला आंबटपणा. रोझे (गुलाबी वाईन) आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ (व्हाइट वाईनच्या द्राक्षाची एक जात) मिळेल तितक्या ताज्या घ्या. न्यूझीलंडमध्ये तोडणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये होते, फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या आसपास. त्यामुळे साल तेच असलं तरी न्यूझीलंडची बाटली सुमारे सहा महिन्यांनी थोरली. बाटलीवर पदकाचा किंवा गुणांचा स्टिकर असेल तर तो याच सालाला मिळालाय का, तेही बघा. गेल्या हंगामाच्या कौतुकावर या हंगामाची बाटली सर्रास खपवली जाते.

शब्दांच्या बाबतीत थोडं संशयी असलेलं बरं. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला अनेक देशांत कायद्याचा काहीच आधार नाही, कुणीही छापू शकतो. स्पेनच्या रिओहात मात्र तो नियमाने बांधलेला आहे. तिथली रेड ‘रेझेर्वा’ म्हणजे किमान ३ वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या पिंपात. ‘ग्रान रेझेर्वा’ म्हणजे किमान ५ वर्षं, त्यातली २ पिंपात. युरोपच्या लेबलांवर अनेकदा द्राक्षाची जात लिहिलेलीच नसते, प्रदेशावरून ती ओळखायची असते: शाब्ली म्हणजे शार्डोने, आणि व्हाइट सांसेर म्हणजे सॉव्हिन्याँ ब्लाँ. प्रदेश जितका नेमका लिहिलेला तितके नियम सहसा कडक. नुसतं ‘फ्रान्स’ यापेक्षा ‘बोर्दो’ बरं, आणि त्याहून बोर्दोमधल्याच ‘पोयाक’ या गावाचं नाव. किंमतही त्याच क्रमाने चढते, म्हणून नावाजलेल्या गावाच्या शेजाऱ्याकडे वळणं शहाणपणाचं. शॅम्पेनऐवजी क्रेमाँ, म्हणजे फ्रान्सच्या इतर भागांतली बुडबुड्यांची वाईन, घेऊन बघा. तिचंही बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि ती किमान ९ महिने यीस्टच्या गाळासोबत ठेवलेली असते.

स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनमध्ये, एक सापळा आहे: ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम, आणि ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. स्पार्कलिंगवर साल नसणं हा दोष नाही. अनेक हंगामांच्या वाईन मिसळणं ही तिथली नेहमीची रीत.

आता बाटलीची तब्येत. ती उभी धरून मानेपाशी पाहा. नव्या बाटलीत वाईन आणि बूच यांच्यामध्ये एक-दोन सेंटिमीटर जागा असते. वाईन खांद्यापर्यंत उतरली असेल तर ती झिरपली आहे, आणि जितकी बाहेर गेली तितकी हवा आत आली आहे. झाकणावरून अंगठा फिरवा. बूच वर आलेलं लागलं किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला, तर बाटली कुठेतरी तापली आहे: उष्णतेने वाईन फुगते आणि बुचाला ढकलते. पारदर्शक काचेतल्या व्हाइटचा रंग तपकिरीकडे झुकलेला दिसला तरी ती घेऊ नका. दिव्याखाली महिनोन्‌महिने राहिलेल्या अशा बाटलीला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो, म्हणून पुढची सोडून रांगेतली मागची बाटली काढा. काचेचं वजन आणि तळाचा खोल खळगा यांचा दर्जाशी काडीचा संबंध नाही. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडायचंही कारण नाही. ताज्या व्हाइटसाठी ते बुचापेक्षा भरवशाचं.

जेवण तिखट असेल तर तुरट आणि जास्त अल्कोहोलची रेड टाळा, दोन्हींमुळे तिखट आणखी चढतं. किंचित गोडसर, हलकी व्हाइट तिथे शोभते. पदार्थ आंबट असेल तर वाईन निदान तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते.

किमतीबद्दल एवढंच की अगदी तळाच्या बाटलीत काच, झाकण, वाहतूक आणि कर यांतच बरेचसे पैसे जातात. एक पायरी वर चढलात तर जास्तीच्या पैशाचा मोठा वाटा वाईनवर पडतो. फार वर गेलात की पैसे नावाचे.

उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास आला तर तो बुचातून आलेला दोष आहे, हवा लागून तो जात नाही. बूच परत बसवून बाटली जवळजवळ भरलेली असतानाच पावतीसह परत न्या. तळाशी किंवा बुचाला चिकटलेले काचेसारखे बारीक खडे मात्र वाईनमधल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. ते बाटलीतच राहतील इतक्या हलक्या हाताने ओता.